बैलाचे कातडे आणि दोन राज्ये : जव्हार व कार्थेज

लेंडी नदी सुमारे ३०० फूट खाली झेपावते तो दाभोशाचा प्रपात पाहून परतणाऱ्या रसिकांपैकी फार थोड्यांस ठाऊक असते की, ज्या जव्हार संस्थानाच्या मुलखात हा प्रपात आहे, त्या संस्थानाची मूळकथा आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील ट्युनिशियाच्या एका पुरातन कथेशी विलक्षण साम्य राखते. आद्यपुरुष जयबा मुकणे यांनी तेथील वारली सरदाराकडे बैलाच्या कातड्याने व्यापेल एवढीच जमीन मागितली आणि ती मान्य होताच कातड्याच्या बारीक वाद्या कापून गढीभोवतीचा परिसर वेढून घेतला, असे लोककथा सांगते. कार्थेजची संस्थापिका, फिनिशियन राणी डायडो, हिनेही बिर्सा टेकडीवर स्थानिक राजाशी हाच करार केला, अशी आख्यायिका आहे. शस्त्रबळ नसलेल्याच्या बुद्धीचा हा गौरव मला दोन्ही भूमींचा अस्सल वारसा वाटतो.

त्याच कार्थेजच्या हानिबलाने इ. स. पू. २१८ मध्ये हत्तींसह आल्प्स ओलांडला, इ. स. पू. १४६ मध्ये रोमने ती नगरी उद्ध्वस्त केली, आणि तिचे अवशेष, रोमनकालीन अंतोनिन स्नानगृहांसह, १९७९ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. इकडे जयबांचे पुत्र नेमशाह यांस १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, जयविलास राजवाडा मात्र उभा आहे.

दाभोशास जाल तेव्हा जव्हारच्या वडीलधाऱ्यांकडून ही कथा अवश्य ऐका आणि त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवा.