हॉस्टाला हिंगोलीत झोप का लागत नाही?

इन्स्टावर कुंड्यांची चार रील्स लाइक करून बघा, पाचवं रील हॉस्टाचं येणारच. ताटाएवढी पानं, कडेला पांढरी किनार, मधे गर्द हिरवा, कुठे चक्क निळसर रंग. मोठ्या झाडाच्या सावलीत गोल पसरलेलं झुडूप. फुलाची वाट बघायची गरजच नाही, पानंच एवढी देखणी. न्यू जर्सी किंवा शिकागोकडे कुणाचे दादा-वहिनी राहत असतील तर व्हिडिओ कॉलवर त्यांच्या अंगणातही हे दिसलं असेल. तिकडे ते आपल्या सदाफुलीइतकं कॉमन आहे. मग आपण सर्च मारतो आणि समोर येतं, ‘हॉस्टा सीड्स, मिक्स कलर’. फोटोत निळा, जांभळा, गुलाबी, सगळ्या रंगांचा हॉस्टा. कार्टमध्ये टाकायला दोन सेकंद लागतात.

ते दोन सेकंद जरा लांबवा. पॉकेटमनी तुमचाच आहे, पण आधी हे झाड नेमकं कुठलं आणि कसं जगतं, एवढं तरी बघू.

हॉस्टा मूळचा जपान, कोरिया, चीन या पट्ट्यातला. डोंगरउतारावर, ओढ्याकाठी, जंगलाच्या कडेला वाढणारा. जपानीत त्याला ‘गिबोशी’ म्हणतात. तिकडच्या जुन्या पुलांच्या कठड्यांवर कांद्याच्या आकाराचे कळस असतात, तसा त्याच्या फुलाचा कळा दिसतो, म्हणून हे नाव. वसंतात येणारे कोवळे कोंब ते लोक ‘उरुई’ म्हणून भाजी करून खातातसुद्धा. १८१२ मध्ये ऑस्ट्रियातल्या निकोलाउस थॉमस होस्ट या वनस्पती अभ्यासकाचं नाव या झाडाला मिळालं. पुढे जपानमध्ये राहिलेल्या सीबोल्ड नावाच्या डॉक्टरने १८३०च्या सुमारास याची बरीच झाडं युरोपात नेली. तिथून अमेरिका. तिथे तर १९६८ पासून हॉस्टावाल्यांची स्वतंत्र सोसायटी आहे आणि नोंदवलेल्या जाती हजारोंच्या घरात. उंदराच्या कानाएवढ्या पानांची ‘ब्लू माउस इअर्स’ही आहे आणि चार माणसांनी कवेत घ्यावी अशी ‘एम्प्रेस वू’पण.

आणि गंमत म्हणजे हा परदेशी पाहुणा नात्याने आपल्या फार लांबचा नाही. शतावरी त्याच्याच कुळातली. घायपात आणि निशिगंध तर आणखी जवळचे, एकाच उपकुळातले. बांधावरचं घायपात आपल्या उन्हाला भीक घालत नाही. मग हॉस्टाला काय झालं?

त्याला झोप लागते. म्हणजे लागावी लागते.

थंडी सुरू झाली की हॉस्टाची सगळी पानं पिवळी पडून झडतात. वर काहीच उरत नाही. जमिनीखाली मुळांचा गड्डा आणि त्यावर डोळे, एवढंच. या डोळ्यांना सहा आठवडे तरी कडक थंडी लागते, चार-पाच अंशांच्या आसपास किंवा त्याखाली. ती मिळाली की झाडाच्या आतलं घड्याळ सांगतं, ‘हिवाळा संपला, आता ऊठ.’ थंडी पुरेशी मिळालीच नाही तर झाड नीट झोपतही नाही आणि नीट उठतही नाही. पहिल्या वर्षी गड्ड्यात साठवलेल्या ताकदीवर पानं येतात आणि आपण खूश. दुसऱ्या वर्षी ती लहान येतात. तिसऱ्या वर्षी कुंडीत फक्त माती राहते. रात्री रात्री रील्स बघून सकाळच्या लेक्चरला बसणाऱ्यांना वेगळं समजावून सांगायला नको.

आता आपल्याकडची थंडी आठवा. शेजारच्या परभणीत कृषी विद्यापीठाच्या आवारात पारा पाच अंशांच्याही खाली गेल्याची बातमी एखाद्या हिवाळ्यात येते. आपण शेकोटीचे फोटो टाकतो. पण त्या एक-दोन पहाटा असतात. दुपारी तीच कुंडी पंचवीस-सव्वीस अंशांत उभी असते. हॉस्टाला सलग थंडी हवी, बातमीपुरती नको. वरून मार्च ते जून आहेच. चाळीसच्या वर पारा, कोरडी गरम हवा आणि रात्रीसुद्धा न निवणारी भिंत. ज्या पानासाठी हौस केली त्याचीच कड आधी करपते.

यावर जुगाड आहे. उष्ण भागातले काही हौशी लोक पानं झडलेला गड्डा कुंडीतून काढतात, जराशा ओलसर भुशात गुंडाळतात आणि दीड-दोन महिने फ्रिजमध्ये ठेवतात. करता येईल. फक्त मेथीच्या जुडीशेजारी मातकट गड्डे बघून आई ‘हे काय ठेवलंस इथं?’ म्हणेल तेव्हा उत्तर तयार ठेवा. आणि उन्हाळ्याचा प्रश्न त्याने सुटत नाहीच. हिमाचल किंवा काश्मीरकडे कुणी राहायला जाणार असेल तर त्याने जरूर हॉस्टा लावावा. हिंगोलीत तो लावण्यात, माझ्या मते तरी, झाडाचे हाल जास्त आणि आपली हौस कमी आहे.

बियांच्या पाकिटाचं काय?

ते आणखी वेगळं प्रकरण आहे. पहिलं म्हणजे जांभळ्या, गुलाबी, इंद्रधनुष्यी पानांचा हॉस्टा नसतोच. तो एडिटिंग अ‍ॅपमध्ये उगवतो. खऱ्या हॉस्टात हिरव्याच्या छटा, पिवळा, पांढरा आणि निळसर एवढंच. काही जातींत लाली येते ती देठाला, फार तर पानाच्या बुडाशी. निळसर रंगही पानाचा नसतो, वरच्या मेणाच्या थराचा असतो. बोट घासलं की पुसला जातो आणि खाली हिरवं निघतं.

दुसरं म्हणजे बी खरं असलं तरी फोटोतलं झाड त्यातून येत नाही. पांढऱ्या किनारीच्या आईची पोरं बहुतेक साधी हिरवीच निघतात. म्हणून नावाजलेल्या जाती गड्डा फोडून नाहीतर टिश्यू कल्चरने वाढवतात. आपल्याकडे केळीची रोपं करतात, तसंच. त्यामुळे पाकिटावर जातीचं नाव आणि आत बी असेल तर तिथेच शंका घ्या.

‘डायरेक्ट फ्रॉम जपान’ वगैरे लिहिलेलं असेल तर अजून सावध व्हा. परदेशातून बी किंवा रोप आणायला आपल्याकडे २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि त्या देशाचं रोगमुक्त असल्याचं प्रमाणपत्र लागतं. हा कागदी छळ नाही. २०२० मध्ये जगभर अनेकांच्या घरी न मागवलेल्या बियांची पाकिटं येऊन पडली होती, तेव्हा आपल्या कृषी मंत्रालयानेही राज्यांना इशारा दिला होता. एका पाकिटातून नवं तण किंवा नवा रोग शेतात शिरला तर नुकसान आपल्या बाल्कनीपुरतं राहत नाही, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांची फी त्याच शेतातून भरली जाते.

आधीच ऑर्डर केली असेल आणि भलतंच काही आलं असेल तर पाकीट उघडतानाचा व्हिडिओ, बिल आणि त्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. वेबसाइटवर तक्रार अधिकाऱ्याचं नाव देणं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी बंधनकारक आहे. तिथे दाद लागली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. रक्कम छोटी म्हणून सोडून देऊ नका, असल्या दुकानदाऱ्या चालतात त्या सोडून देणाऱ्यांवरच.

मग सावलीतल्या पानांची हौस सोडायची का? बिलकूल नाही. फक्त झोपेचं गणित उलटं करायचं. थंडीत झोपून थंडीच मागणारं झाड नको. आपल्या पावसात उठणारं आणि आपल्या कोरड्या दिवसांत झोपणारं झाड शोधायचं.

पहिलं नाव कॅलेडियम. हृदयाच्या आकाराची पातळ पानं, पांढऱ्यावर हिरव्या शिरा, गुलाबीवर लाल ठिपके. रील्समधला जो जांभळा-गुलाबी हॉस्टा तुम्हाला आवडला होता ना, त्याची हौस हा खरोखर फेडतो. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, उष्ण-दमट हवेतला. अमेरिकेतल्या फ्लोरिडात लेक प्लॅसिड नावाचं एक छोटं गाव याच्या कंदांच्या शेतीवरच ओळखलं जातं. आपल्याकडच्या नर्सरीत साध्या जाती सहज मिळतात.

याचा कंद असतो. पाऊस सुरू झाला की जूनमध्ये लावायचा, कडक ऊन लागणार नाही अशा जागी ठेवायचा. सकाळचं कोवळं ऊन चालतं. जुलै ते ऑक्टोबर नुसती धमाल. आणि मग दिवाळीनंतर पानं मलूल होऊन आडवी पडायला लागतात. इथे नव्वद टक्के नवशिके घाबरतात आणि पाण्याचा मारा करतात (टक्केवारी माझी, अंदाजपंचे). कंद सडतो तो इथे. काही जण ‘मेलं’ म्हणून कुंडीच रिकामी करतात. अहो, तो झोपलाय! पाणी बंद करा, कुंडी पावसाच्या-पाण्याच्या वाटेतून बाजूला, कोरड्या कोपऱ्यात सरकवा, वर चिठ्ठी लावा, ‘कंद आहे, माती फेकू नये.’ चिठ्ठी घरच्यांसाठी. मेअखेर, जूनमध्ये परत पाणी सुरू केलं की टोकदार कोंब वर येतो.

यातूनच खरेदीचा एक नियम निघतो, जो नर्सरीत आपणहून कुणी सांगत नाही. कॅलेडियम ऑक्टोबरात घेऊ नका. तेव्हा तो सगळ्यात भरलेला दिसतो, पण तुमच्या घरी महिनाभरच टिकणार. जून-जुलैत दोन-तीन पानांचं लहान रोप घ्या, पैसेही कमी लागतील आणि सगळा सीझन तुमचा. घरात मांजर, कुत्रं किंवा रांगतं बाळ असेल तर कुंडी उंचावर ठेवा. अळूसारखीच याच्या पानांत खाज आणणारी द्रव्यं असतात.

दुसरं नाव ऐकून तुम्हाला बरं वाटेल. आफ्रिकन हॉस्टा. शास्त्रीय नाव ड्रिमिओप्सिस. हा खरा हॉस्टा नव्हे, पण कूळ तेच. आफ्रिकेतला असल्यामुळे बर्फाची अट नाही. फिकट हिरव्या पानांवर गडद ठिपके, वर पांढऱ्या बारीक फुलांचा तुरा. छोट्या कांद्यांनी पसरत जातो, दोन वर्षांत कुंडी गच्च. कांदे सुटे करून मित्रांना वाटता येतात. म्हणजे विकत घेण्याआधी आजूबाजूच्या अंगणांत बघा, कुणाकडे तरी असेलच आणि त्यांना त्याचं नाव माहीत नसेल. अगदी काळोख्या कोपऱ्यात ठेवलं तर ठिपके फिके होतात, एवढं लक्षात ठेवा. स्नेक प्लांट, मनी प्लांट, अ‍ॅग्लोनिमा ही मंडळी तुम्हाला माहीतच आहेत. ती बारा महिने जागी असतात, त्यांच्याबद्दल वेगळं काय लिहिणार.

घेताना पान उलटं करून बघायची सवय लावा. पानाच्या बगलेत कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. एका कुंडीतून सगळ्या बाल्कनीत जातो. नवं रोप आणलं की आठ-दहा दिवस बाकीच्यांपासून लांब ठेवा. शेतातली काळी माती सरळ कुंडीत भरू नका. ती पावसात चिकट गोळा होते, उन्हात भेगाळते आणि कंदाला दोन्ही नको असतं. थोडी काळी माती, थोडी वाळू किंवा बारीक मुरूम आणि भरपूर गांडूळखत, नाहीतर मुरलेलं शेणखत, हे चालतं. बोअरचं पाणी जड असेल तर पानांवर पांढरे डाग पडतात, टोकं करपतात. पावसाचं पाणी बादलीत धरून ठेवता आलं तर उत्तम. पत्र्याच्या खोलीवर भाड्याने राहत असाल तर उन्हाळ्यात हिरव्या शेडनेटचा एक तुकडा बांधा, झाडांआधी तुम्हालाच गार वाटेल.

आणि तिसरं नाव मी मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण ते वाचून तुम्ही हसणार. हळद.

हसा, पण एकदा वसमतच्या रस्त्याने सप्टेंबरमध्ये जाताना शेताकडे कुंडीच्या नजरेने बघा. हात-दीड हात लांब, रुंद, शिरांच्या चुण्या पडलेली पानं, दाट झुडपासारखी वाढ, पोटात लपलेला फिकट तुरा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्यासाठी वसमतला वेगळं संशोधन केंद्र आहे, बाजारभावावर घरात भांडणं होतात, पण शोभेचं झाड म्हणून तिचा फोटो कुणी काढत नाही. थायलंडने याच हळदीच्या जवळच्या बहिणीला ‘सियाम ट्यूलिप’ म्हणून फुलांच्या बाजारात उभं केलंय. कोकणात तर हळदीचं पान घरोघरी लागतं, पातोळ्या त्यातच उकडतात.

हळदीला थोडी सावली चालते, म्हणजे बाल्कनीही चालते. कुणा शेतकरी मित्राकडून सेलमचं बेणं मागा, डोळे फुगलेले दोन गड्डे पुरेत. मे-जूनमध्ये खोल आणि रुंद कुंडीत चार बोटं खाली लावायचे. पाणी साचू द्यायचं नाही, नाहीतर कंदकूज होते. हे तो मित्रच तुम्हाला जास्त चांगलं सांगेल, कदाचित तासभर सांगेल. जानेवारी-फेब्रुवारीत पानं पिवळी पडून वाळतील. तेव्हा घाबरायचं नाही, कुंडी पालथी करायची. निघालेली ओली हळद लोणच्यासाठी आईला द्या, आणि दोन गड्डे पुढच्या मेसाठी तिच्या हातून वाचवून सावलीत ठेवा.