डिरेक्टरीतील लेखनाधिकाराची परीक्षा

एखाद्या डिरेक्टरीत फाइल लिहिता येईल की नाही हे प्रोग्रामने आरंभीच विचारून घ्यावे, ही खबरदारी रास्तच होय. यवतमाळच्या एखाद्या महाविद्यालयात कापसाच्या पिकासंबंधीचे गणित रात्रभर चालावयाचे असेल, तर उत्तरे साठविता येत नाहीत हे सकाळी कळणे कोणासही परवडणार नाही. लिनक्समध्ये ही विचारणा ‘अ‍ॅक्सेस’ या सिस्टिम कॉलने करण्याचा प्रघात आहे. परंतु डिरेक्टरी दूरच्या सर्व्हरवर असून ‘ऑटोएफएस’च्या योगे गरजेपुरतीच जोडली जात असेल, तर मिळणारे उत्तर फसवे ठरू शकते.

जोडणीपूर्वी त्या ठिकाणी बहुधा एक रिकामी डिरेक्टरी असते. तिची मालकी रूटकडे असते व इतरांस तीत लिहिण्याची मुभा नसते. असे स्थान मार्गाच्या मध्ये आले तर कर्नल जोडणी घडवून आणतो. तेच मार्गाचे अखेरचे पद असेल, तर नुसत्या चौकशीसाठी तो हा खटाटोप करीत नाही. (यादी पाहताच शेकडो जोडण्या होऊ नयेत, हा त्यामागील हेतू, तो अयोग्य म्हणता येणार नाही.) परिणामी ‘अ‍ॅक्सेस’ त्या रिकाम्या डिरेक्टरीचीच परीक्षा करतो आणि अधिकारी विद्यार्थ्यासही नकार देतो. घरधन्यास न विचारताच देवडीवरच्या पहारेकऱ्याने पाहुण्यास परत पाठवावे, तसाच हा प्रकार. मार्गाच्या शेवटी तिरकी रेघ दिल्यास, किंवा डिरेक्टरी आधी उघडल्यास, जोडणी होते.

तथापि तेवढ्याने शंका संपत नाही. ‘अ‍ॅक्सेस’ प्रक्रियेचा मूळ वापरकर्ता पाहतो, प्रभावी नव्हे. एनएफएसवर अखेरचा शब्द सर्व्हरचा असतो. परवानगीचे अंक वाचून अंदाज बांधणारा प्रोग्राम तेथे चुकू शकतो, कारण कित्येक सर्व्हर रूटलाही अनामिक वापरकर्ताच मानतात. शिवाय विचारणा व लेखन यांमधील काळात स्थिती पालटू शकते ती निराळीच.

तेव्हा लिहून पाहणे हीच खरी परीक्षा. ‘एमकेएसटेम्प’ने त्याच डिरेक्टरीत तात्पुरती फाइल निर्माण करावी, तीत थोडे लिहून ‘एफसिंक’ करावे, व मग ती काढून टाकावी. रिकामी फाइल कोटा संपल्यावरही निर्माण होऊ शकते, म्हणून लिहिणे आवश्यक. कर्नलाने नकाराचे दिलेले कारण, मग ते अधिकाराचा अभाव असो वा केवळ वाचनीय फाइलसिस्टिम, वापरकर्त्यास जसेच्या तसे सांगावे. २०१३ मध्ये ३.११ या कर्नलात आलेली निनावी फाइलची सोय अधिक स्वच्छ खरी, पण ती एनएफएसवर चालत नाही. दीर्घ गणितासाठी तर उत्तरांची फाइलच प्रारंभी उघडून ठेवणे श्रेयस्कर. ती उघडी असेतोवर ऑटोएफएस जोडणी सोडवीतही नाही.