शिसे-आम्ल बॅटरीची निगराणी (लेखांक १४) : थर्मामीटर कोणाच्या अंगाला?

या आठवड्यात इक्वलायझिंग चार्जचा, म्हणजे सर्व सेलांना एका पातळीवर आणणाऱ्या दीर्घ आणि मंद भरणाचा विचार करावयाचा असे मी लिहून गेलो होतो; परंतु सोमवारी चाकणहून एका देखभाल-प्रमुखांचे सविस्तर पत्र आले आणि त्या पत्रातील कोडे सुटेपर्यंत दुसरा कोणताही विषय हाती घेणे मला शक्य झाले नाही. महाळुंगे रस्त्यावरील पत्राकामाच्या एका मध्यम कारखान्यात हे गृहस्थ काम करतात. तेथील जनरेटरची १८० अॅम्पियर-तासांची बॅटरी साडेतीन वर्षांत तीनदा बदलावी लागली, आणि प्रत्येक वेळी ती तेरा-चौदा महिन्यांतच बसली. चार्जर उत्तम, तापमानानुसार स्वतःचा दाब बदलणारा, चांगली किंमत देऊन घेतलेला. त्याचा हिरवा दिवा अखंड पेटलेला. दोष बॅटरीचा म्हणावा तर तिन्ही वेळा बनावट निराळी. "साहेब, आता तुम्हीच पाहा," अशी पत्राची अखेर होती. आपल्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारची असल्याने मी त्या गुरुवारीच चाकण गाठले.

जनरेटरची बॅटरी हा या लेखमालेतील माझा सर्वांत जिव्हाळ्याचा विषय आहे, आणि त्याला कारण आहे. २००६ साली वीजटंचाईचे दिवस होते, तेव्हा पुण्यातील कारखानदारांनी आपले जनरेटर स्वतः चालवून तेवढी वीज शहरासाठी मोकळी करावी आणि वाढीव खर्चाचा भार जास्त वापराच्या ग्राहकांनी उचलावा, अशी तजवीज राज्य वीज नियामक आयोगाच्या मंजुरीने अमलात आली. पुढे ती 'पुणे मॉडेल' या नावाने देशभर ओळखली गेली. त्या काळात मी भोसरी ते चाकण जनरेटरांच्या देखभालीचे काम करीत हिंडत होतो. संच रोज तासन्‌तास चालत, इंजिनावरचा अल्टरनेटर रोज बॅटरी भरून काढी, आणि त्या वर्षांत बॅटरीची तक्रार माझ्या नोंदवहीत अगदी क्वचित आढळे. पुढे वीजपुरवठा सुधारला, संच आठवडेच्या आठवडे उभे राहू लागले, आणि तक्रारी वाढल्या. वापराने झिजणाऱ्या वस्तू आपल्या परिचयाच्या असतात. ही बॅटरी मात्र तिष्ठत राहण्याने झिजते, आणि म्हणूनच तिला राखणदार लागतो.

तिष्ठणाऱ्या बॅटरीचा हिशेब एकदा मांडून पाहावा. वीज गेली की संच आपोआप सुरू करणारे जे एएमएफ पॅनेल असते, त्याचा नियंत्रक अहोरात्र जागा असतो आणि तो सुमारे १०० मिलिअॅम्पियर खातो असे धरले, तर दिवसाला २.४ आणि महिन्याला ७२ अॅम्पियर-तास जातात. त्यात बॅटरीची स्वतःची गळती मिळवा. सहा आठवड्यांत १८० अॅम्पियर-तासांच्या बॅटरीचा निम्म्याहून अधिक साठा संपलेला असतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा काही कारखान्यांनी खबरदारी म्हणून मुख्य स्विचच बंद केले, त्याबरोबर चार्जरही बंद पडले. पुढे कुलपे उघडली तेव्हा मी पाहिलेल्या अशा संचांपैकी एकही किल्लीला दाद देईना. राखणदार हवा, यात दुमत नाही. तो कसा हवा, येथे खरी मेख आहे.

नियमित वाचकांना आठवत असेल की भरणे आणि राखणे ही दोन कामे मी आरंभीच्या लेखांकांत कटाक्षाने वेगळी केली होती. उतरलेली १२ व्होल्टची बॅटरी भरताना दाब १४.४ पर्यंत नेला तरी चालतो, कारण ती स्थिती काही तासांची असते. परंतु भरलेल्या बॅटरीवर जो दाब वर्षानुवर्षे ठेवावयाचा, ज्याला आपले कारागीर 'फ्लोट' म्हणतात, तो २७ अंशांना १३.५ ते १३.६ व्होल्ट एवढाच हवा. (परदेशी पुस्तिकांत २० किंवा २५ अंश हा पाया असतो, आपल्याकडील मानकांत २७, पुस्तिका वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा.) आणि उष्णता वाढेल तसा हा दाब उतरला पाहिजे: दर अंशाला सहा सेलांच्या बॅटरीमागे सुमारे २० मिलिव्होल्ट. गरम बॅटरी थोड्या दाबालाही अधिक प्रवाह ओढते, आणि भरलेल्या बॅटरीत शिरलेला अधिक प्रवाह केवळ पाण्याचे विघटन करतो आणि धन पट्ट्यांची जाळी कुरतडतो. पत्रलेखकांच्या चार्जरमध्ये ही उतरण होती. मग बिघडले कोठे?

पॅनेलच्या खोलीत शिरताच अंगावर गार वारा आला. कारखान्याचा संगणकही तेथेच ठेवलेला असल्याने खोली वातानुकूलित होती. भिंतीवरचा आकडा २२ अंश. चार्जर पॅनेलमध्ये, त्याचा हिरवा दिवा शांतपणे जळत होता. तेथून जाड केबल भिंतीपलीकडे, कारखान्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात पत्र्याच्या छपराखाली उभ्या असलेल्या जनरेटरच्या ध्वनिरोधक पेटाऱ्यात गेली होती. शेजारी हवेचा कॉम्प्रेसर. त्याच्या पंख्याची गरम झळ नेमकी त्या पेटाऱ्यावर जात असे, आणि गुरुवारी एक पाळी चालू असल्याने ती त्या दिवशीही येत होती. पेटाऱ्याचे दार उघडून मी बॅटरीच्या एका सेलचे बूच काढले आणि काचेचा थर्मामीटर आत सोडला. पारा ४७ वर स्थिरावला.

बूच काढलेल्या सेलमध्ये टॉर्च धरली तेव्हा जे दिसले ते पत्रलेखकांनीही वाकून पाहिले. द्रवाची पातळी पट्ट्यांच्या खाली बोटभर उतरलेली; उघड्या पडलेल्या पट्ट्यांच्या माथ्यावर पांढुरका थर; आणि धन टोकाचा खांब झाकणातून किंचित वर उचलला गेलेला, त्याच्या बुंध्याशी आम्लाची ओल. खांब वर येणे ही फार बोलकी खूण आहे: जाळीतील शिशाचे ऑक्साइड झाले की त्याचे आकारमान वाढते, जाळी फुगते आणि खांबाला वर रेटते. ही बॅटरी उपाशी मुळीच नव्हती. तिला रात्रंदिवस अतिभोजन चालले होते.

मीटर टोकांना लावला: १३.७ व्होल्ट. चार्जरने आपले कर्तव्य अचूक बजावले होते. त्याला २२ अंशांची हवा लागत होती, म्हणून २७ पेक्षा पाच अंशांची घट धरून त्याने १३.६ चे १३.७ केले होते. ज्या बॅटरीसाठी हे चालले होते ती मात्र २७ च्या २० अंश वर होती, आणि तिला हवे होते १३.२. अर्ध्या व्होल्टाचा हा फरक अशा कारखान्यात कोणाच्या नजरेत भरत नाही. परंतु तो वर्षाचे आठ हजार तास चालू राहतो. उष्णता मोजणारा बारीक कण, ज्याला थर्मिस्टर म्हणतात, चार्जरच्या पोटातच बसविलेला होता. ताप बॅटरीला आणि थर्मामीटर चार्जरच्या बगलेत, असा हा मामला.

एएमएफचा स्विच बंद करून, बॅटरीची तार सोडवून, मीटर मालिकेत घातला आणि आकडा स्थिर होऊ दिला. (संच चुकून सुरू होऊ शकेल अशा अवस्थेत हे कदापि करू नये, शेकडो अॅम्पियर मीटरमधून जातील.) प्रवाह निघाला अर्धा अॅम्पियर. ऐकायला क्षुल्लक, पण दिवसाचे १२ अॅम्पियर-तास झाले, आणि दर अॅम्पियर-तासाला प्रत्येक सेलमधील सुमारे ०.३४ ग्रॅम पाणी वायुरूप होऊन जाते. महिन्याला एका सेलमागे १२० ग्रॅमच्या वर, सहा सेल मिळून जवळजवळ पाऊण लिटर. बूच दर तिमाहीस उघडण्याचा तेथे प्रघात होता. पाणी कोणते घालता, असे विचारले तेव्हा पिण्याच्या आरओ यंत्राचे, असे उत्तर मिळाले. त्यातही क्षार उरतात, म्हणून बॅटरीला डिस्टिल्ड किंवा डीएम पाणीच हवे. पण या प्रकरणात मुख्य आरोपी तो नव्हे.

चौदा महिन्यांचा उलगडा आता सरळ झाला. दर दहा अंशांच्या वाढीबरोबर बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा या व्यवसायातील जुना आणि टिकून राहिलेला ठोकताळा आहे. वीस अंश म्हणजे चतुर्थांश. चांगली बॅटरी साडेचार वर्षे चालावी. तिचा चौथा भाग साडेतेरा महिने. पत्रलेखकांनी खिशातील डायरी काढून तिन्ही तारखा पुन्हा मोजल्या आणि काही वेळ ते बोललेच नाहीत.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण चार्जर विकणारे ती सहसा सांगत नाहीत. थर्मिस्टर बॅटरीपाशी नेला की अतिभरण थांबेल, पाणी टिकेल. परंतु उष्णतेने होणारी झीज केवळ दाब उतरवून थांबत नाही. म्हणून आम्ही पहिली दरखास्त मांडली ती कॉम्प्रेसरच्या झळेसाठी पत्र्याचे धुराडे करून ती छपराबाहेर काढण्याची, कारण पत्रा कापणे आणि वाकविणे हा तर त्या कारखान्याचा नित्याचा उद्योग. दुसरी, बाहेरून जोडता येणारा थर्मिस्टर असलेला चार्जर घेण्याची, किंवा आहे त्याच चार्जरच्या उत्पादकाकडून तशी तार मागविण्याची. त्या चार्जरच्या मागील बाजूस रबराच्या टोपणाखाली दोन रिकामे टर्मिनल सापडले. पुस्तिकेत त्यांचा उल्लेख होता, आणि ती तार मूळ खोक्यात, कपाटाच्या वरच्या फळीवर, अद्याप पिशवीतून न काढलेली मिळाली. बसविणाऱ्याने ती जोडलीच नव्हती. तिचे चपटे टोक मी ऋण टोकाच्या बोल्टखाली आवळले, आणि चार्जरच्या पडद्यावरचा आकडा पाच-सात सेकंदांत १३.७ वरून १३.२ वर उतरला. दिवा हिरवाच होता, पूर्वी होता तसाच.

निवडीबद्दल पत्रात आणखी दोन प्रश्न होते, त्यांची उत्तरे थोडक्यात. दोनशे अॅम्पियर-तासांच्या आतील बॅटरीला ५ ते १० अॅम्पियरचा राखणदार पुरतो. त्याहून मोठ्याचा सोस नको. पण तार जाड हवी. पॅनेलपासून बॅटरी १२ मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन २४ मीटर होतात, आणि दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत १० अॅम्पियरला जवळजवळ ३ व्होल्ट वाटेतच गळतात. राखताना ही गळती नगण्य, परंतु दोन-चारदा स्टार्टर फिरवून दमलेली बॅटरी भरताना तीच वेळ खाते. आणि ज्या चार्जरवर 'बूस्ट' (वरच्या दाबाने भरणे) व 'फ्लोट' असा हाताने फिरवावयाचा स्विच आहे तो जनरेटरवर घेऊ नये असे माझे ठाम मत आहे, कारण संध्याकाळी बूस्टवर केलेला स्विच पुन्हा फ्लोटवर आणण्याचे स्मरण पाळी बदलताना राहत नाही, हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे.

हिवाळ्यात हेच गणित उलट चालते. डिसेंबरच्या पहाटे चाकणच्या उघड्या माळावर पारा १० अंशांच्या आसपास येतो. पेटाऱ्यातील बॅटरी गार आणि चार्जर उबदार खोलीत असला तर तिला दाब कमी पडतो आणि पट्ट्यांवर सल्फेट साचू लागते. थर्मिस्टरची तार एकच, पण ती दोन्ही ऋतूंत राखण करते. पेटाऱ्याच्या दाराच्या आतील बाजूस एक तक्ता चिकटवून महिन्यातून एकदा बॅटरीचे तापमान, टोकांवरचा दाब आणि स्टार्टर फिरताना दाब किती खाली जातो हे तीन आकडे त्यावर मांडावेत. १२ व्होल्टच्या बॅटरीत तिसरा आकडा ९.६ च्या खाली गेला, तर नवी बॅटरी मागविण्याची तयारी करावी, संच बंद पडण्याची वाट पाहू नये.

निघताना शेजारच्या कारखान्यातील एक तंत्रज्ञ फाटकापाशी थांबलेले होते. त्यांचा संच मोठा, २४ व्होल्टचा, दोन बॅटऱ्या मालिकेत. त्यांपैकी एक गतवर्षी बदललेली आणि दुसरी चार वर्षांची जुनी. जुनी मीटरवर सतत १२.९ दाखवते आणि नवी १४.३, चार्जर एकच असताना हे कसे, असे त्यांनी विचारले. इक्वलायझिंग चार्जचा विषय तेथूनच सुरू करावयाचा आहे. तो पुढील आठवड्यात.