धडधड होती, नाटक नव्हतं!

माझ्या ताईच्या सिझरचा किस्सा आमच्या घरी चार वर्षं जोक म्हणून चालला. बाळ बाहेर आलं, रडलं, सगळे ‘मुलगी, मुलगी’ करतायत आणि ताई टेबलवरून सांगतेय, ‘मला काहीतरी होतंय. छातीवर कुणीतरी बसलंय.’ चेहरा लालबुंद, मळमळ, नुसती धडधड. काही मिनिटांत सगळं शांत! नंतर राउंडला आलेल्या डॉक्टरांनी निकाल दिला, ‘घाबरलात हो तुम्ही.’ झालं. ताई आमच्या घरची ड्रामा क्वीन ठरली. बारशाला तिची नक्कल करण्यात मीच सगळ्यात पुढे होते.

आता ताईला पुन्हा दिवस गेलेत. आठवा महिना. परवा रात्री फोनवर म्हणाली, ‘या वेळी टेबलवर मी तोंडच उघडणार नाही. उगाच हसतात सगळे.’

माझं हसू तिथेच गेलं. मास कॉमची डिग्री घेऊन मी जगाला प्रश्न विचारत फिरते आणि घरातला हा प्रश्न चार वर्षांत कुणाला विचारलाच नव्हता. मैत्रिणीची मावशी भूलतज्ज्ञ आहे. दुसऱ्या दिवशी तिच्या हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये जाऊन बसले. सगळं ऐकून मावशीने एकच विचारलं, ‘हे बाळ बाहेर आल्यावर लगेच झालं ना?’ मी हो म्हटलं. ‘मग ते इंजेक्शन असणार.’

आवळलेली मूठ

फंडा असा आहे. नऊ महिने भरताना गर्भाशयाकडे दर मिनिटाला साधारण 500 ते 700 मिलिलिटर रक्त जात असतं. वार सुटली की तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. गर्भाशय मुठीसारखं आवळलं तरच ती मिटतात, नाहीतर रक्त वाहतच राहतं. बाळंतपणात बायका दगावण्याचं जगातलं सगळ्यात मोठं कारण अतिरक्तस्राव हेच आहे. म्हणून बाळ बाहेर आलं की लगेच ऑक्सिटोसिन देतात. हो, तेच! म्हशींना टोचतात म्हणून बातम्यांत येतं ते. व्हिन्सेंट द्यू विन्यो या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1953 मध्ये ते प्रयोगशाळेत बनवलं आणि 1955 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

गोची अशी, की हे औषध गर्भाशय आवळतं, पण शरीरातल्या बाकीच्या रक्तवाहिन्या सैल सोडतं. शिरेतून झटकन मोठा डोस गेला तर बीपी धाडकन खाली येतं. ते सांभाळायला हृदय पळायला लागतं. कधी छातीत दाब जाणवतो, ईसीजीची रेघसुद्धा बदलते. त्यात सिझरसाठी पाठीत दिलेल्या भुलीने बीपी आधीच उतरलेलं असतं. धडधाकट बाईला हे काही मिनिटांत निभावतं. पण जिचं रक्त आधीच खूप गेलंय किंवा जिच्या हृदयातच दोष आहे, तिला ते झेपेलच असं नाही.

ब्रिटनमध्ये 1997 ते 1999 या काळातल्या मातामृत्यूंची छाननी झाली, तेव्हा 10 युनिट ऑक्सिटोसिन झटकन दिल्यानंतर दोन बायका गेल्याचं समोर आलं. मग तिथे डोस 5 युनिटवर आला, तोही हळूहळू द्यायचा. 2004 मध्ये एका अभ्यासात दिसलं, की कळा सुरू नसताना केलेल्या सिझरमध्ये दहापैकी नऊ जणींना 0.35 युनिटही पुरतं! 2019 मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने अशा सिझरसाठी आधी 1 युनिट आणि मग सलाइनमधून थेंबथेंब, अशी शिफारस केली. कळा सुरू होऊन मग सिझर झालं तर जास्त लागतं: 3 युनिट, किमान 30 सेकंद घेऊन.

‘मग दुसरं औषध का देत नाहीत?’ मी विचारलं. मावशी हसली. ‘प्रत्येकाचे नखरे आहेत गं.’ मिथाइलअर्गोमेट्रिन रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर ते टाळतात. कार्बोप्रोस्ट दम्याच्या पेशंटला चालत नाही. कार्बेटोसिनचा परिणाम जास्त वेळ टिकतो, पण बीपी तेही पाडतं. ‘औषध नको असं कधीच म्हणायचं नाही. किती आणि किती हळू, हे महत्त्वाचं.’

2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 17.2 टक्के बाळंतपणांत सिझर झालं होतं. 2019-21 मध्ये आकडा 21.5 टक्क्यांवर गेला. म्हणजे तुमच्या ऑफिसमध्येही ताईसारखी कुणीतरी असेलच.

हे डॉक्टरांना सांगाच!

• बीपी, दमा, हृदयाचा किंवा झडपेचा त्रास, लहानपणीचा असला तरी.
• आधीच्या सिझरमध्ये छातीत दाब, धडधड, चक्कर असं काही झालं असेल तर तेही.
• टेबलवर काहीही वेगळं वाटलं तर लगेच बोला. मॉनिटरवर सगळंच दिसत नाही.

मी ताईला फोन केला. आधी सॉरी म्हटलं, नक्कल केल्याबद्दल. मग सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘म्हणजे मला खरंच होत होतं?’

गेल्या आठवड्यात तिच्यासोबत नव्या हॉस्पिटलमध्ये गेले. तिने भूलतज्ज्ञांना पहिल्यापासून सगळं सांगितलं, छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटलं तेही. त्यांनी फाइलवर लिहून घेतलं आणि म्हणाले, ‘या वेळीही असं वाटलं तर लगेच सांगा.’

हसलं कुणीच नाही.