बीआयएम : इमारतीचं सेवापुस्तक

आजचा विषय आहे बीआयएम, म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेल. नाव जड, पण गोष्ट सोपी.

सरकारी नोकराचं सेवापुस्तक असतं. फौजेत गाडीचं, जनरेटरचंही लॉग बुक असतं. बीआयएम म्हणजे अख्ख्या इमारतीचं असं पुस्तक, संगणकातल्या त्रिमितीय चित्राला जोडलेलं. साध्या नकाशात पंप म्हणजे नुसती एक खूण. मॉडेलमध्ये त्या पंपावर क्लिक केलं, की कंपनी, सिरियल नंबर, क्षमता, चाचणीचा दाखला, वॉरंटी, पुढच्या सर्व्हिसिंगची तारीख असं सगळं समोर येतं.

साइटवर याचा उपयोग कसा होतो? समजा, रुग्णालयासाठी आग विझवायचा पंप मागवला. त्यावर क्यूआर कोड लावला. गेटवर स्कॅन, गोदामात स्कॅन, बसवल्यावर स्कॅन, चाचणीनंतर पुन्हा स्कॅन. प्रत्येक टप्प्याला मॉडेलमध्ये पंपाचा रंग बदलतो. चाचणी राहिली असेल तर लगेच डोळ्यांत भरतं. कमी क्षमतेचा पंप आला, तर नोंदीशी ताडून तो गेटवरूनच परत पाठवता येतो.

नुसता नंबर टाकून भागत नाही, हे आमच्या चंदीगडकडून शिकावं. 1950च्या दशकात इथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली सागवानी खुर्च्या-टेबलं घडवली गेली. अनेकांवर खात्याची अक्षरं आणि नंबर रंगवलेले होते. तरीही पुढे ती जुनं सामान म्हणून लिलावात निघाली आणि परदेशात लाखोंना विकली गेली. शेवटी 2011 साली केंद्रीय गृहमंत्रालयाला विक्री आणि निर्यात थांबवण्याचा आदेश काढावा लागला. वस्तूवर नंबर होता, पण तिची कदर राखणारी नोंद नव्हती.

आपल्या महाराष्ट्रात महामेट्रोने नागपूर मेट्रोसाठी 5डी बीआयएम वापरलं. तीन मिती आकाराच्या, चौथी वेळापत्रकाची, पाचवी खर्चाची. त्यामुळे काम किती झालं आणि पैसा किती गेला, हे एकाच ठिकाणी ताडून पाहता येतं.

आता गुणवत्तेकडे वळू. एसीची डक्ट आणि बीम एकाच जागी येत असतील, तर मॉडेल आधीच सांगतं. नाही कळलं, तर साइटवर कोणीतरी बीमलाच भोक पाडतो आणि वर फॉल्स सीलिंग चढतं. दोष झाकला जातो, पण जात नाही.

एक इशारा मात्र देतो. पाहणी न करता टिक मारली, तर मॉडेलही खोटंच बोलणार. म्हणून काँक्रीट ओतण्याआधी सळया मोजा, फोटो काढा आणि तो मॉडेलला जोडा. नंतर पाहायला काही उरत नाही.

सोसायटीवाल्यांनी हे ध्यानात ठेवावं : 2016च्या रेरा कायद्यानुसार ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. आराखडे आणि कागदपत्रं सोसायटीकडे सोपवणंही त्याचं कर्तव्य आहे. मॉडेल मिळालं तर उत्तमच. नाहीतर प्रत्यक्ष बांधलं तसे नकाशे आणि लिफ्ट, पंप, जनरेटर यांची सिरियल नंबरसह यादी तरी मागून घ्या. भांडायची वेळ आली, तर नोंदच कामी येते.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद!