तबकडी वाजली, पण ऐकू येईना

एका पालकांनी शाळेला रेकॉर्ड प्लेअर व कुमार गंधर्वांच्या तबकड्या दिल्या. देवास आपले शेजारीच, म्हणून आनंद विशेष. आम्ही उत्साहाने प्लेअर थेट सभागृहाच्या पॉवर ॲम्प्लिफायरला जोडला. आवाज डास गुणगुणल्यासारखा!

मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून जेमतेम 5 मिलिव्होल्ट निघतात. ॲम्प्लिफायरला साधारण 1 व्होल्ट हवा. शिवाय तबकडीत खर्जाचे स्वर दाबून व उंच स्वर वाढवून कोरलेले असतात, ते पूर्ववत करावे लागतात. दोन्ही कामे एक छोटा फोनो प्रीॲम्प करतो. महागडा सेट नको. आवाजाची कळ असलेलाच घ्यावा, कारण पॉवर ॲम्प्लिफायरवर ती बहुधा नसते. घुंई आवाज आल्यास प्लेअरची अर्थची तार प्रीॲम्पच्या स्क्रूला जोडावी. ॲम्प्लिफायर शेवटी सुरू करावा, बंद मात्र सर्वांत आधी.

विद्यार्थ्यांनी मधल्या सुट्टीत ऐकायला यावे. सुईला हात लावू नये.