प्रार्थनामंदिरांतील रंगमंच व दीपयोजना

वाढत्या मंडळीपुढें एक गोड अडचण उभी राहते. जेथें पूर्वीं दहा कुटुंबें चटईवर बसून उपासना करीत, तेथें आतां शेवटची रांग दारापर्यंत पोहोंचते. पाळकांचा आवाज ध्वनिक्षेपकानें मागें नेतां येतो. परंतु त्यांचा चेहरा मागें कसा न्यावयाचा? नाताळांत मुलांनीं केलेलें नाटक शेवटच्या रांगेंतील वृद्धांस कसें दिसावें? ह्या कामास पैसा थोडा लागतो, विचार मात्र पुष्कळ लागतो.

विद्यार्थिदशेंत आम्हीं एका खेड्यांतील मंदिरांत ख्रिस्तजन्माचा प्रवेश केला होता. गव्हाणीच्या मागें प्रखर दिवा ठेवून आम्हीं स्वर्गीय तेज निर्माण केलें व स्वतःवरच खूष झालों. खेळ संपल्यावर एका आजीबाईंनीं विचारलें, "सगळं छान झालं रे लेकरा, पण बाळ कुठं होतं?" दिवा पाठीमागें असल्यामुळें मरीया, योसेफ व बाळ ह्यांच्या नुसत्या काळ्या आकृत्या दिसत होत्या! त्या दिवशीं मिळालेला धडाच येथें विद्यार्थ्यांपुढें ठेवीत आहें.

पहिला विचार दृष्टीचा. बाकावर बसलेल्या मोठ्या माणसाचा डोळा जमिनीपासून सुमारें पावणेचार फूट उंच असतो. व्यासपीठ त्याहून उंच झालें, तर पुढच्या रांगेस त्याची भुई दिसत नाहीं. फार ठेंगणें झालें, तर मागच्यांस पुढच्यांचीं डोकींच दिसतात. म्हणून बाकें असल्यास दोन ते तीन फूट उंची बरी. मंडळी भुईवर बसत असल्यास दोन फूट पुरे. गव्हाण मात्र भुईवर न ठेवतां पेटीवर चढवावी. बांधकामापूर्वी शेवटच्या रांगेच्या दोन्ही टोकांस एकेक मूल बसवून "काय दिसतें?" असें विचारावें.

दुसरा विचार देखाव्याचा. इटलींतील ग्रेच्चो गांवीं १२२३ सालच्या नाताळांत संत फ्रान्सिस ह्यांनीं ख्रिस्तजन्माचा देखावा उभा केला. त्यांत काय होतें? गव्हाण, वाळलेलें गवत, एक बैल व एक गाढव! तेवढ्यानें लोकांच्या डोळ्यांपुढें बेथलेहेम उभें राहिलें. देखाव्याचें मर्म हेंच, कीं वस्तु थोड्या असाव्या, पण त्यांचा अर्थ लांबून कळावा. निरोगी डोळ्यास ६ मीटरांवरून सुमारें ९ मिलिमीटर उंचीचें अक्षर कसेंबसें वाचतां येतें. १८ मीटरांवरून तेंच २७ मिलिमीटर उंच असावें लागतें. म्हणजे मंदिर तिपटीनें लांबलें, कीं अक्षरही तिपटीनें वाढलें पाहिजे. पडद्यावरील बारीक वेलबुट्टी मागच्यांसाठीं व्यर्थच होय. एक मोठी कमान किंवा एक तारा अधिक बोलतो.

तिसरा विचार प्रकाशाचा. दिव्याचें अंतर दुप्पट केल्यास वस्तूवरील प्रकाश निम्मा न होतां चौथा हिस्सा होतो. म्हणून दूरच्या एका मोठ्या दिव्यापेक्षां जवळचे दोन लहान दिवे बरे. दिवा खालून लावल्यास चेहरा भेसूर दिसतो, अगदीं डोक्यावर लावल्यास डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, व नेमका समोर लावल्यास चेहरा सपाट होतो. अमेरिकेंतील येल विद्यापीठाचे स्टॅन्ली मॅककँडलेस ह्यांनीं १९३२ साली आपल्या ग्रंथांत सुचविलें, कीं समोरून दोन्ही बाजूंनीं, सुमारें ४५ अंश उंचीवरून, एक किंचित् उबदार रंगाचा व दुसरा किंचित् शीतल रंगाचा असे दोन झोत टाकावे. त्यायोगें चेहऱ्यास उठाव येतो. ही निव्वळ शोभा नव्हे. ज्यांस कमी ऐकूं येतें, ते बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहून पुष्कळसें समजून घेतात. चेहरा अंधारांत राहिला, तर त्यांचा उपदेशही बुडतो. व्यासपीठामागें खिडकी असल्यास सकाळच्या उपासनेंत तिच्यावर पडदा सोडावा.

दिवा दिसूं नये, त्याचें कार्य दिसावें. रोम येथील सांता मारिया देल्ला व्हित्तोरिया ह्या मंदिरांत बेर्निनी ह्या शिल्पकारानें १६४७ ते १६५२ ह्या काळांत संत तेरेसा हिची मूर्ति घडविली व वर एक झांकलेली खिडकी योजिली. प्रकाश मूर्तीवर पडतो. तो कोठून येतो, हें पाहणाऱ्यास दिसत नाहीं.

चौथा विचार सुरक्षिततेचा, व महत्त्वानें तोच पहिला. शिकागो येथील इरोक्वॉय नाट्यगृहांत ३० डिसेंबर १९०३ रोजीं नाताळच्या सुट्टींतील खेळ चालू असतां दिव्याच्या ठिणगीनें पडदा पेटला. पुष्कळ दारें कुलुपबंद होतीं किंवा पडद्यांआड दडलीं होतीं. ६०० हून अधिक माणसें मेलीं. त्यांत मुलें व माता फार होत्या. म्हणून गवत, कागद व कापड दिव्यापासून दूर ठेवावें, एकाच खटक्यावर अनेक दिव्यांचा भार घालूं नये, वाळूच्या बादल्या व अग्निशामक नळकांडें जवळ ठेवावें, आणि दारापुढें देखावा किंवा जादा खुर्च्या कधींही मांडूं नयेत. आजचे एलईडी दिवे जुन्या तारेच्या दिव्यांपेक्षां कमी तापतात व वीजही थोडी खातात. तरी सावधगिरी सोडूं नये.

पालकांनीं सुतारकाम व विजेचें काम जाणत्याकडून करवावें. चित्रें व कल्पना मुलांवर सोंपवाव्या. सर्व सिद्ध झालें, कीं आपण स्वतः शेवटच्या रांगेंत जाऊन बसावें. तेथून बाळ स्पष्ट दिसलें व बाहेर जाण्याची वाट मोकळी दिसली, म्हणजे आपली योजना साधली असें समजावें.